सफरचंदासाठी कडक थंडी सोसणारा खुंट संकरातून कसा तयार करतात?

खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं, मुळांचं झाड. आधी जोडी ठरते: एक पालक बुटका, दुसरा काटक. रशियातल्या मिचुरिन्स्क इथे बुडागोव्स्की यांनी एम ८ या बुटक्या खुंटाचा लाल पानांच्या 'क्रास्नी श्तांदार्त' जातीशी संकर करून बी ९ हा खुंट काढला. लाल पानांचा फायदा असा की हिरव्या जातीचं कलम केल्यावर खुंटाचा फुटवा लांबूनच ओळखू येतो.

कळी फुगली पण उमलली नाही, तेव्हाच पुंकेसर काढून परागकण लावायचे आणि फांदीवर पिशवी बांधायची. उशीर झाला तर मधमाशीने आणलेला परागही बसतो, मग बाप कोण ते कळत नाही. बी ओल्या वाळूत ३ ते ५ अंशांवर ७० ते ९० दिवस ठेवावं, नाहीतर नीट रुजत नाही.

चाळणी मुळांची करा, शेंड्यांची नव्हे. मुळं खोडापेक्षा बरीच नाजूक असतात. बर्फाचं पांघरूण नसलेल्या हिवाळ्यात आधी तीच मरतात. हिवाळ्यात मुळांचे तुकडे फ्रीझरमध्ये तासाला साधारण २ अंशांनी थंड करून, काही दिवसांनी आडवा छेद घ्यायचा. आत तपकिरी दिसलं की रोप बाद.

रोबुस्टा ५ हा खुंट पालक घेताना जपून. अग्निकरपा हा जिवाणूंचा रोग सोसतो, थंडीही. पण जानेवारीत मध्येच ऊब आली तर लवकर जागा होतो आणि पुढच्या गारठ्यात सापडतो.

उरलेल्यांना बुंध्याशी मातीची भर देऊन मुळं फुटतात का बघा. इथेच बरीच गळतात. मग कलम करून शेतात किमान दहा वर्षं पारखायचं.