सर्व्हर दुरुस्तीची आवड असलेल्या मुलाला कोडिंगच्या क्लासला घालावं का?

प्रश्न : मुलाने आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला. सध्या सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. एका पतसंस्थेचा सर्व्हर दुपारी आपोआप बंद पडून परत चालू व्हायचा. त्याने रॅम बदलली, मग पॉवर सप्लाय बदलला, तरी दुखणं तेच. मालक सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून पोरगं गप्प आहे. पाहुणे म्हणतात, आता सगळं क्लाउडवर चाललंय, हार्डवेअरमध्ये काही राहिलं नाही, पुण्याला कोडिंगच्या क्लासला घाला. फी बरीच आहे. काय करावं?
– एक आई, कुपवाड

उत्तर : ताई, ती फी आत्ता भरू नका. कोडिंग वाईट म्हणून नव्हे. तुमच्या पत्रात मुलाला कोडिंग आवडतं असं कुठेच नाही. बोलणी खाऊन आलेल्या मुलाला घाईने दुसऱ्या वाटेला लावलं, तर ‘मला हे जमत नाही’ एवढंच त्याच्या मनात पक्कं होतं. आणि त्याला ते जमणार नाही असं मला अजिबात वाटत नाही. त्याला अजून दोष शोधायची पद्धत कुणी शिकवलेली नाही.

पुढचं त्याला वाचायला द्या.

बाळा, पार्ट बदलण्याआधी लॉग, म्हणजे मशीनने स्वतःच ठेवलेल्या नोंदी, वाचायचा. सर्व्हरमध्ये देखरेखीसाठी वेगळा कंट्रोलर असतो. डेलच्या मशीनमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईच्या मशीनमध्ये आयएलओ. मशीन बंद असलं तरी कॉर्डमध्ये वीज आहे तोवर तो जागा असतो आणि वेळेसकट नोंदी ठेवतो. रॅमचा दोष असेल तर बहुतेक वेळा कोणत्या स्लॉटमध्ये ते तिथेच कळतं. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील आणि दोन्हींचा इनपुट एकदम गेल्याची नोंद असेल, किंवा त्याच वेळी खुद्द कंट्रोलरही रीस्टार्ट झालेला दिसला, तर वीज बाहेरूनच गेली आहे. मग पेटी उघडण्यात अर्थ नाही. तक्रार एकाच सप्लायची असेल, तर काम संपल्यावर, परवानगी घेऊन, मशीन रीतसर बंद करून मागच्या दोन कॉर्डची अदलाबदल कर. तक्रार दुसऱ्या सप्लायकडे सरकली तर दोष कॉर्डमध्ये किंवा लाइनमध्ये, तिथेच राहिली तर सप्लायमध्ये. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत वेळेसह लिहायचा. तू रॅम आणि सप्लाय बदललास, पण त्यातून काय सिद्ध झालं हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

दुपारीच का, हा तुझ्या हातातला सगळ्यात मोठा धागा आहे. मी आधी यूपीएस बघितला असता. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर आहे का? आतला हीटर चालू होताना तो एकदम मोठा करंट ओढतो. बॅटऱ्या किती जुन्या आहेत? नुसत्या मल्टिमीटरवर १२ व्होल्टच्या वर दाखवणारी बॅटरी लोड येताच कोसळू शकते, म्हणून तपासणी लोडवरच हवी. या बॅटऱ्यांना २५ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. त्यावर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुला माहीत आहे. सर्व्हरला दोन सप्लाय असून दोन्ही कॉर्ड एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या असतील, तर दोन असून उपयोग काय? न्यूट्रल लूज आहे का, अर्थिंग नीट आहे का, हेही बघून घे. हे सगळं तुझ्या ट्रेडमधलंच आहे. सॉफ्टवेअरकडून या कामात आलेल्या अनेकांना ते येत नाही.

पण सप्लायची पेटी खोलायची नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या जवळपास डीसी शिल्लक असू शकतो. भिंतीतली वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायची.

ताई, आता क्लाउडचं. क्लाउड म्हणजे कुठल्यातरी इमारतीतले सर्व्हरच. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं सुरू केली, अॅमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. तिथे रात्रंदिवस डिस्क, सप्लाय, केबल बदलणारी, यूपीएस आणि जनरेटर सांभाळणारी माणसं लागतात. शिवाय मिरजेतली हॉस्पिटलं, साखर कारखाने, बँका यांच्याकडे आजही जागेवर सर्व्हर आहेत. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि रात्रपाळी चुकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तब्येत नाजूक असेल तर त्याचा विचार करा.

शिक्षणाचं म्हणाल, तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन तुम्हाला जवळ पडेल. इलेक्ट्रॉनिक्सची किंवा इलेक्ट्रिकलची जागा मिळते का ते चौकशी करून बघा. माझा कल पदविकेकडेच आहे, कारण पुढे बढतीच्या वेळी कागद विचारतात. नोकरी सोडणं परवडत नसेल, तर संध्याकाळी लिनक्स (सर्व्हरवर चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम) आणि नेटवर्किंगची मुळाक्षरं शिकून त्याने कॉम्पटिया या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सर्व्हर प्लस परीक्षा द्यावी. तिच्यात दोष शोधण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र भाग आहे.

त्याआधी मात्र त्याने मालकांना एवढंच विचारावं, की पतसंस्थेत पुन्हा एकदा जाऊन लॉग आणि यूपीएस तपासू का. नाही म्हणाले, तर दुसरं दुकान शोधायला हरकत नाही.