युद्धानंतर आधी रस्ते की आधी रेल्वे?

युद्ध संपल्यावर एखाद्या देशाने आधी रस्ते दुरुस्त करावेत की रेल्वे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या दोन्हींच्या आधी वाटेतले भूसुरुंग काढावे लागतात आणि पडलेल्या पुलांच्या जागी, एकेरी का होईना, पलीकडे जाण्याची सोय करावी लागते. रस्ता खड्ड्यांनी भरलेला असला तरी धान्याचा ट्रक रखडत पुढे जातो. पूल नसेल तर मात्र तो नदीकाठीच अडतो. म्हणूनच सुटे भाग जोडून थोड्या अवधीत उभारता येणारा बेली पूल अशा वेळी फार मोलाचा ठरतो.

रेल्वेला वेळ का लागतो, हे श्रीलंकेच्या उत्तर मार्गावरून चांगले कळते. जाफन्याची गाडी १९९० मध्ये बंद पडली आणि पुढे तिथले रूळ व स्लीपर उखडून बंकर बांधण्यासाठी वापरले गेले. २००९ मध्ये युद्ध संपले तेव्हा दुरुस्त करण्याजोगे फारसे काही उरलेच नव्हते. रूळ, पूल, स्थानके, सिग्नल असे बहुतेक सगळे नव्याने करायचे होते आणि त्याआधी जमीन निर्धोक करायची होती. तिथल्या अनेक सुरुंगांत धातू अगदी थोडा असल्यामुळे केवळ शोधक यंत्रावर विसंबता येत नसे, म्हणून मऊ जमिनीत दंताळ्याने मातीचा एकेक पातळ थर हलकेच ओढत ते शोधावे लागले. या कामाचा वेग वाढवा म्हणणे म्हणजे कुणाचा तरी पाय पणाला लावणे होय. भारताने दिलेल्या कर्जातून इरकॉन या भारतीय सरकारी बांधकाम कंपनीने मार्ग बांधला. गाडी २०१३ मध्ये वाटेतल्या किलिनोच्चीला आणि १३ ऑक्टोबर २०१४ रोजी जाफन्याला पोहोचली. संपूर्ण मार्गाची वाट न पाहता तयार झालेला प्रत्येक टप्पा लोकांसाठी खुला केला गेला, हे मला विशेष योग्य वाटते.

मार्गाचे दुसरे टोक कुठे जाते, हेही आधीच पाहायला हवे. अंगोलातील यादवी २००२ मध्ये संपल्यावर लोबितो बंदरापासून काँगोच्या सीमेवरील लुआउपर्यंतची, १,३०० किलोमीटरहून लांब बेंग्वेला रेल्वे चिनी कंपनीने नव्याने बांधली आणि २०१५ मध्ये ती पूर्ण खुली झाली. परंतु सीमेपलीकडचा काँगोमधील लोहमार्ग जीर्णच राहिला होता, त्यामुळे तिथल्या खाणींतील माल घेऊन गाडी लोबितोला येण्यास २०१८ साल उजाडले.