पाकीट रव्याच्या डब्यात लपवलंय, काय करू?

"ताई, आमच्या ह्यांना मोटर न्यूरॉन डिसीज झालाय. वय 53, धंदा शिंपीकामाचा. आता कात्री धरवत नाही, बोलणंही जड झालंय. त्यांच्या भजनी मंडळानं वर्गणी काढून 38 हजार रुपये मला आणून दिले. पाकिटावर पेन्सिलीनं सगळ्यांची नावं आहेत. मंडळाचे सदरे ह्यांनी कधी शिलाई न घेता शिवले, पण स्वतः कुणाचा रुपया घेत नाहीत. म्हणून मी पाकीट रव्याच्या डब्यात लपवलंय. त्यांना फसवल्यासारखं वाटतं."
– एक भगिनी, सांगली जिल्हा

ताई, पैसे घेतलेत यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. पण पाकीट आज रात्रीच बाहेर काढा. या आजारात हातपाय, जीभ, पुढे श्वासाचे स्नायूही थकत जातात. समज मात्र बहुतेकांची शाबूत राहते. एक बटण लावायलाही दुसरा माणूस लागत असताना घरातले निर्णयही आपल्याला वगळून होतात, हे कळलं तर त्यांना फार लागेल.

पाकीट त्यांच्या हातात द्या, नावं वाचून दाखवा आणि एवढंच विचारा: "ते सदरे तुम्ही भीक म्हणून शिवून दिले होते का?" रागावले तर रागावू द्या. दोन दिवस जाऊ द्या.

त्यांना हेही सांगा. 2014 साली जगभर लोकांनी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेतलं, ते याच आजारासाठी. ती लाट उठवणारे पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन स्वतः याचे रुग्ण होते. दोघांनीही जगापुढे उघडपणे मदत मागितली. एएलएस हा याच आजाराचा मुख्य प्रकार. त्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे 11 कोटी डॉलरहून जास्त जमले आणि त्यातल्या पैशानं झालेल्या संशोधनातून या आजाराशी संबंधित एक नवं जनुक सापडलं.

पैसे कशावर खर्चायचे ते त्यांनाच ठरवू द्या. स्टेम सेलनं, म्हणजे मूळ पेशी टोचून, बरं करतो म्हणणाऱ्यांना मात्र त्यातला एक रुपयाही देऊ नका. या आजारावर तो सिद्ध झालेला उपचार नाही आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांनुसार मान्यताप्राप्त संशोधन चाचणीबाहेर तो देताही येत नाही. घरं विकलेली माणसं मला पत्रं लिहितात, म्हणून इतक्या कडकपणे सांगतेय.

पैसा लागेल तो श्वासासाठी. सकाळी डोकं दुखतं का, उताणं झोपलं की गुदमरतं का, याकडे लक्ष ठेवा आणि तसं असेल तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच सांगा. रात्री लावायचं बायपॅप मशीन, लाळ ओढायचं सक्शन मशीन, व्हीलचेअर हे सगळं विकतच घ्यावं लागतं असं नाही. काही सेवाभावी संस्था अशा वस्तू वापरायला देतात, गरज संपली की परत घेऊन पुढच्या घरी पाठवतात. मोठ्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी करा. परत करायची वस्तू घेणं त्यांनाही कमी जड जाईल. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्जही आत्ताच करा, सहीचा हात चालतोय तोवर.

आणि त्यांचा आवाज, जसा आज आहे तसा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. तुम्हाला मारलेली हाक, मुलांची नावं, आवडता अभंग. मंडळाला एक दिवस घरीच बोलवा. फोन त्यांच्या उशाशी ठेवा आणि टाळ जरा लांब वाजवायला सांगा, नाहीतर त्यांचा आवाज दबेल.