बालाघाटाच्या माळावरून आकाश इतके स्वच्छ दिसते, मग दुर्बीण अवकाशात कशासाठी पाठवायची?

चैत्रातल्या पहाटे बीड-धाराशिवकडच्या माळावरून आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, हे खरे. परंतु डोळ्यांना दिसणारा प्रकाश हा विश्वाकडून येणाऱ्या प्रारणांचा अगदी लहान भाग आहे. क्ष-किरण आणि बरेचसे अवरक्त किरण (लाल रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण) वातावरणातच शोषले जातात, मग आकाश कितीही निरभ्र असो.

अतिदूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा, प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन अवरक्त होतो. तो टिपण्यासाठी दुर्बीण स्वतःही अतिशय थंड असावी लागते, कारण उबदार वस्तू स्वतःच अवरक्त किरण सोडते. म्हणूनच २०२१ मध्ये सोडलेली ६.५ मीटर आरशाची जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी पडद्याच्या सावलीत ठेवली आहे. भारताची २०१५ मधील ॲस्ट्रोसॅट वेधशाळा अतिनील व क्ष-किरणांसाठी आहे.

यानांचे काम वेगळे: ती प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजतात. व्हॉयेजर-१ यानाने २०१२ मध्ये सौरवाऱ्याची (सूर्यापासून वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहाची) सीमा ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशातील कणांची मोजणी केली.

मात्र गुरुत्वीय लहरींना, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या हालचालींमुळे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांना, वातावरण अडवत नाही. त्यामुळे आपल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळचा, या लहरी टिपणारा लायगो-इंडिया प्रकल्प जमिनीवरच उभारला जायचा आहे.