मोटरहोममध्ये (आत राहायची सोय असलेल्या गाडीत) मागच्या सपाट फळीच्या पलंगावरची गादी खालून ओली होते, पाठही आखडते. घरच्या घरी काय करता येईल?

तुमच्यासारखाच मागचा पलंग, सपाट फळीचा, आमच्याही गाडीत होता. आम्ही इंग्लंडमध्ये, यॉर्कशरला राहतो. गाडी जुनी, फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली. पहिल्या हिवाळ्यात गादी ओली लागली तेव्हा छप्पर गळतंय असं धरून मी दोन रविवार शिडीवर चढून सीलंट भरलं. गळत काहीच नव्हतं. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. त्यातली काही वाफ गादीतून खाली उतरते आणि गार फळीला लागली की तिचं पाणी होतं. वर मी शहाणपणा करून मिरजेहून आणलेली आईची गोधडी गादीखाली घातली, ऊब राहील म्हणून. तिने ती सगळी ओल पिऊन घेतली, काळी बुरशी धरली. आईला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा आधी गादीखाली हवा खेळू द्या. फळीला ५० मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) वीत-वीत अंतरावर भोकं पाडा, कडेची चार बोटं सोडून. त्यावर आयकियात मिळतात त्या कापडी फितीने एकमेकींना जोडलेल्या लाकडी पट्ट्या अंथरा. लांब झाल्या तर करवतीने कापा.

फळीच बदलणार असाल तर वजन बघा. १२ मिमी जाडीचा बर्च लाकडाचा प्लाय चौरस मीटरला ८ किलोच्या पुढे जातो, हलक्या पॉपलर लाकडाचा साडेपाचच्या आसपास. गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ३,५०० किलो असेल तर सामान भरल्यावर हे किलो आठवतात. भिंतीत मात्र स्क्रू मारू नका. आत फोम, वर पातळ पत्रा किंवा प्लाय, स्क्रू धरतच नाही. पलंगाचा भार जमिनीवर पायांवर घ्या. आणि पलंगाखाली जमिनीला जाळीचं भोक असेल तर ते गळलेला गॅस बाहेर जाण्यासाठी आहे. थंडी येते म्हणून बुजवू नका.

पाठीसाठी गादीवर ५ सेंटिमीटरचा टॉपर, म्हणजे वरून अंथरायचा मऊ थर, पुरे. मेमरी फोम थंडीत दगडासारखा होतो, मी लॅटेक्सचा (रबरी फोमचा) घेतला. टॉपरच्या कोपऱ्याची गोलाई पाव कापायच्या विजेच्या सुरीने छान निघते.

आणि झोपताना छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. हो, जानेवारीतसुद्धा.