मागच्या वर्षी हम्फ्रीवर एमडी −5.2, आता ऑक्टोपसवर 6.1: वडिलांची नजर सुधारली का? कोणतं मशीन खरं धरायचं?

नाही, या दोन आकड्यांवरून सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, काचबिंदूच्या पेशंटच्या फील्ड टेस्ट (नजरेच्या टप्प्यात कुठे कमी दिसतं ते तपासणारी टेस्ट; हम्फ्री आणि ऑक्टोपस ही तिची दोन मशीनं) घेणं हे माझं रोजचं काम, आणि चिन्हाचा हा घोळ घरच्यांना नेहमी पडतो. एमडी म्हणजे त्याच वयाच्या निरोगी नजरेपेक्षा सरासरी किती फरक आहे तो आकडा; हम्फ्रीमध्ये नुकसान वाढलं की तो उणेकडे जातो. ऑक्टोपसमध्ये तोच एमडी सरासरी दोष म्हणून मोजतात, त्यामुळे नुकसान वाढलं की आकडा अधिकमध्ये वाढतो. म्हणजे तुमचे दोन्ही रिपोर्ट जवळपास एकच सांगताहेत. आणि मशीन वेगळं असताना 0.9 चा फरक बघून बिघडलं म्हणून घाबरायचंही कारण नाही.

एकेका बिंदूचे डेसिबलही (तिथे किती मंद प्रकाश दिसला त्याचं माप; आकडा मोठा तितका प्रकाश मंद) शेजारी ठेवून जुळवू नका. हम्फ्रीचा शून्य डेसिबल म्हणजे 10000 अपोस्टिल्बचा (हे प्रकाशाच्या तेजाचं एकक) प्रकाश, ऑक्टोपसचा शून्य सहसा 4000 चा. त्यामुळे तोच डोळा हम्फ्रीवर 30 दाखवेल तिथे ऑक्टोपसवर साधारण 26 येतील. शिवाय हम्फ्रीचा प्रकाशाचा ठिपका 200 मिलिसेकंद दिसतो, ऑक्टोपसचा 100.

खरं कोणतं? दोन्ही. काचबिंदू पकडायला आणि त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही चांगली आहेत. हम्फ्रीचा फायदा इतकाच की ते जास्त ठिकाणी असतं, म्हणून डॉक्टर बदलले तरी जुने रिपोर्ट उपयोगी पडतात. वयस्कर माणूस लवकर थकतो, तिथे ऑक्टोपसचा टॉप किंवा हम्फ्रीचा सिटा फास्टर असे झटपट प्रोग्राम कामाला येतात. एफडीटी, म्हणजे लुकलुकणाऱ्या पट्ट्यांचं छोटं मशीन, शिबिरात चाळणी लावायला ठीक; वर्षानुवर्षांच्या तुलनेसाठी मी त्यावर विसंबणार नाही. डोक्याला लावायचे हेडसेट आता आलेत. ज्यांना हनुवटी टेकवून बसणं जमत नाही त्यांची मोठी सोय होते, पण त्यांचे आकडे हम्फ्रीच्या फाइलला जोडू नयेत.

मशीनपेक्षा मी प्रोग्राम आधी बघतो. 24-2 या नेहमीच्या प्रोग्राममध्ये 54 बिंदू तपासतात, पण सहा-सहा अंशांवर; मधल्या दहा अंशांत त्यातले जेमतेम 12 येतात. वाचताना अक्षरं गायब होतात अशी तक्रार असेल तर फक्त मधला भाग तपासणारा 10-2 प्रोग्राम करा म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात 68 बिंदू दोन-दोन अंशांवर असतात.

आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात फॉल्स पॉझिटिव्ह बघा. ठिपका दिसलेला नसताना बटण दाबलं की तो वाढतो. हम्फ्रीवर 15 टक्क्यांच्या वर असेल तर टेस्ट विश्वासार्ह धरत नाहीत, आणि अशी टेस्ट नजर आहे त्यापेक्षा चांगली दाखवते. (बरेच आजोबा ‘नापास व्हायचं नाही’ म्हणून सारखं बटण दाबतात!) पापणी उतरलेली असेल तर वरचा भाग उगाच काळा येतो, ती चिकटपट्टीने वर धरून टेस्ट घ्यायला सांगा. पहिली टेस्ट बऱ्याच जणांची बिघडते, म्हणून सुरुवातीच्या दोन चांगल्या टेस्ट पाया धरतात.

तुमच्या बाबतीत मी पुढची टेस्ट हम्फ्रीवरच, मागच्या वर्षीच्याच प्रोग्रामने करून घेईन. ऑक्टोपसचा रिपोर्ट फाइलमध्ये राहू द्या, फक्त त्यावर मशीनचं नाव पेनाने मोठं लिहून ठेवा.