रात्रीचा ठणका आणि सकाळची ओपीडी

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझा दीर टेम्पो चालवतो, महिनाभर दाढ दुखतेय पण मेडिकलमधून गोळी आणून ढकलतोय. परवा रात्री सहनच होईना म्हणून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथं इंजेक्शन दिलं आणि सकाळी दाताच्या ओपीडीला या म्हणाले. सकाळी दुखायचं थांबलं तर हा गाडी घेऊन गेला पण! सरकारीत दाताची इमर्जन्सी बघतच नाहीत का?
- एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, बघतात, पण रात्री कॅज्युअल्टीत दाताचा डॉक्टर बहुतेक नसतोच, त्याची खुर्ची, एक्सरे, सगळं दिवसाच्या ओपीडीत, त्यामुळे रात्री फक्त दुखणं दाबलं जातं, दाढ आहे तशीच राहते. आणि ओपीडीला जायचं म्हणजे दिवसाचा खाडा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण बुडालेली रोजी कोण देणार? त्यात "दाढ काढली की नजर जाते" हे घरोघरी सांगणारं कुणीतरी असतंच (नजरेचा आणि दाढेचा काडीचा संबंध नाही). म्हणून माणूस दिवसभर थांबतो आणि रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढला की मग पळतो.

आता दुखायचं थांबलं याचा अर्थ बरं झालं असा नाही हं, बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि पुढं पू होतो. नुसत्या अँटिबायोटिकनं कीड जात नाही. दिराला खाड्याच्या दिवशी तरी पाठवा, आणि दाढ वाचवायची असेल तर रूट कॅनल तिथं होतं का ते आधी विचारा, नाहीतर काढून मोकळे होतील. मोठं काम असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथं फी लागते पण खाजगीपेक्षा बरीच कमी.

मात्र जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला किंवा श्वास जड वाटला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच मोठ्या हॉस्पिटलला, १०८ बोलवा. शुगर असलेल्यांनी तर जास्तच जपायचं. आणि हो, हिरडीवर ॲस्पिरिन दाबून ठेवू नका, मिश्री तर नकोच, भाजतं नुसतं.